एका जागी सहा महिने

विमुक्त जाती आणि भटक्या जमातींसाठी राज्य सरकारची एक घरकुल योजना आहे. यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत योजना हे तिचे नाव. डिसेंबर २०११ मध्ये निघालेल्या या योजनेच्या पात्रतेची यादी वाचताना दोन अटींपाशी नजर अडखळते. लाभार्थी कुटुंब गावोगावी भटकंती करून पोट भरणारे असावे, असे एक अट म्हणते. तेच कुटुंब वर्षातून किमान सहा महिने एका जागी राहणारे असावे, असे दुसरी म्हणते. अट लिहिणाऱ्याला हसण्यात अर्थ नाही. सरकारी पैशाने बांधलेल्या घराला वर्षभर कुलूप लागून राहू नये, एवढीच त्याची काळजी असणार, आणि ती रास्तही आहे. पण ज्याचे पोट चालण्यावर आहे त्याने घरासाठी अर्धे वर्ष थांबायचे, तर त्या सहा महिन्यांत खायचे काय, याचे उत्तर त्या यादीत नाही.

जुन्नर तालुक्यातले वारूळवाडी हे काही भटक्यांचे गाव नव्हे. नारायणगावाला खेटून, पुणे-नाशिक महामार्गाच्या ओघात वाढलेले हे गाव. नारायणगाव कुठे संपले आणि वारूळवाडी कुठे सुरू झाली, हे परक्याला विचारूनच घ्यावे लागते. इथे घराचा विषय निघाला की तो गुंठ्याच्या भावावर येऊन थांबतो. तरीही वर्षभर या रस्त्याकडे पाहणाऱ्याला बांधली जाणारी घरे दिसतात तशी चालत जाणारी घरेही दिसतात. दिवाळीच्या आगेमागे ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांवर भांडीकुंडी, कोंबड्या, लेकरे आणि बांबू लादून ऊसतोड टोळ्या येतात. कुणी निवृत्तीनगरच्या विघ्नहर कारखान्याकडे, कुणी आंबेगावातल्या पारगावच्या भीमाशंकर कारखान्याकडे. पाऊस सरला की मेंढरांचे कळप उतरतात, मागे घोड्याच्या पाठीवर अख्खा संसार. रस्त्याच्या कडेला एखादा घिसाडी भाता मांडून विळे-कुऱ्हाडींना धार देत बसलेला असतो आणि त्याच्या पाठीशी काळ्या कापडाचे पाल असते. गुढीपाडवा जवळ आला की नारायणगावात तमाशा फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावचे कारभारी जत्रेची सुपारी द्यायला तिथे येतात, आणि नंतर फड ट्रकमध्ये भरून गावोगाव निघतो. ज्या गावाने विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांच्यासारखी कलावंत दिली, त्याच्या नावाभोवतीच एक फिरते जग आहे.

या फिरत्या घरांना आपल्या भाषेत एकच एक नाव नाही, आणि त्याला कारण आहे. पाल म्हणजे काठ्यांवर ताणलेले कापड. ते मुक्कामाचे घर, सकाळी उतरवले की गाठोड्यात जाते. राहुटी त्याहून मोठी, कनातीची. कोपी मात्र निराळी. ती ऊसतोड मजुराची. बांबू वाकवून दोन्ही टोके जमिनीत रोवायची, वर चटई, चटईवर पाचट किंवा प्लास्टिकचा कागद, आणि तो वाऱ्याने उडू नये म्हणून दोऱ्या. आत मधोमध जेमतेम उभे राहता येते. कडेला बसूनच वावरायचे. चूल बाहेर, न्हाणी म्हणजे चार काठ्यांना गुंडाळलेली साडी, आणि शौचाला उसाची सरी. धनगराकडे तर पुष्कळदा तेवढेही नसते. मेंढरांभोवती वाघर, म्हणजे जाळे, लावायचे आणि आपण त्याच्या कडेला घोंगडी पांघरून उघड्यावर पडायचे. आतले सुरक्षित काय, तर मेंढरू.

सरकारी कागदात मात्र या सगळ्यांसाठी एकच रकाना आहे: बेघर किंवा कच्चे घर. एकदा त्या रकान्यात गेले की पुढचा उपायही एकच ठरतो, पक्के घर. इथेच गोष्ट चुकायला सुरुवात होते. पाल किंवा कोपी हे नुसते वाईट बांधलेले घर नाही, ते कामाच्या जागेजवळ उभे केलेले घर आहे. बीडहून तोडीला येणाऱ्या मजुराला त्याच्या गावी पक्के घर मिळाले, आणि ते मिळालेच पाहिजे, तरी हंगामाचे पाच-सहा महिने तो वारूळवाडीच्या शिवारात कोपीतच राहणार. घरकुलाने त्याची कोपी बदलत नाही. आणि ती कोपी दर हंगामाला थोडी आणखी जुनी होते. प्लास्टिकचा कागद उन्हाने एकाच वर्षात चिरफाळतो, ताडपत्री दोन पावसांत विटते. बदलायची वेळ आली की पैसा जातो तो मुकादमाकडून घेतलेल्या उचलीतून. म्हणजे घर बदलायचा खर्चही शेवटी कोयत्याने ऊस तोडूनच फेडायचा.

आता योजनांकडे पाहू. सर्वांत मोठी अर्थात प्रधानमंत्री आवास योजना, ग्रामीण. २०१६ पासून ती इंदिरा आवासच्या जागी आली. सपाट प्रदेशात एक लाख २० हजार, डोंगरी भागात एक लाख ३० हजार, किमान २५ चौरस मीटरचे घर, शौचालयासाठी स्वच्छ भारतचे १२ हजार, आणि रोजगार हमीतून मजुरीचे दिवस. अनुसूचित जातींसाठी रमाई, आदिवासींसाठी शबरी, कातकऱ्यांसारख्या अतिमागास आदिम जमातींसाठी नोव्हेंबर २०२३ पासून पीएम-जनमन, त्यात घरामागे दोन लाख. इतर मागासवर्गीयांसाठी मोदी आवास. धनगर समाजातील बेघरांसाठी राज्याने २०१९ मध्ये पहिल्या टप्प्यात दहा हजार घरकुले मंजूर केली. केंद्राने फेब्रुवारी २०२२ मध्ये विमुक्त-भटक्यांसाठी ‘सीड’ नावाची योजना आणली, पाच वर्षांसाठी २०० कोटींची, तिच्यातही घर हा एक भाग आहे. योजनांचा दुष्काळ नाही. कोणत्या जातीच्या दाखल्याला कोणती योजना लागू, हे सांगणारा ग्रामसेवक भेटला तर नशीब, इतक्या त्या आहेत.

पण यातली प्रत्येक योजना तीन गोष्टी गृहीत धरते. लाभार्थ्याचे नाव कुठल्यातरी एका ग्रामपंचायतीच्या यादीत आहे, त्याच्या पायाखाली त्याची जागा आहे, आणि हप्त्याहप्त्याने काम पुढे सरकताना तो तिथे हजर आहे. मंजुरीनंतर पहिला हप्ता १५ हजारांचा. मग पाया, मग जोते, मग छत. दर टप्प्याला जागेवर उभे राहून फोटो काढायचा आणि तो अक्षांश-रेखांशासकट संगणकावर चढवायचा. गैरव्यवहार रोखण्यासाठी ही पद्धत चांगलीच आहे. कागदावर बांधलेली घरे तिने कमी केली असणार. फक्त ज्याचे घर दर पंधरवड्याला नव्या अक्षांशावर असते, त्याच्यासाठी ती आखलेली नाही. सर्वेक्षणाचेही तसेच. कर्मचारी वस्तीवर येतो तेव्हा कुटुंब दुसऱ्या तालुक्यात. परत येते तेव्हा यादी बंद.

जागेचा प्रश्न याहून अवघड. दीनदयाळ उपाध्याय घरकुल जागा खरेदी योजनेत भूमिहीनाला पाचशे चौरस फूट जागेसाठी पूर्वी ५० हजार मिळत, आता एक लाखापर्यंत मिळतात. नारायणगावच्या पंचक्रोशीत एवढ्या रकमेत रस्त्यालगत पाचशे फूट मिळवून दाखवणाऱ्याचा ग्रामसभेत सत्कार करायला हरकत नाही. मग नजर गायरानाकडे वळते. २०११ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर गायरानावरच्या अतिक्रमणांबाबत प्रशासन हात आखडून आहे, आणि ते चुकीचे म्हणता येणार नाही, कारण गायराने गिळली ती मुख्यतः पालवाल्यांनी नव्हे. राज्याने पुढे शासकीय जागेवरची १ जानेवारी २०११ पूर्वीची निवासी अतिक्रमणे नियमित करण्याचे ठरवले. तिथे पुरावा लागतो. घरपट्टीची पावती, वीजबिल, मतदार यादी. ज्याने मातीची भिंत घातली त्याच्याकडे पुरावा निघतो. ज्याने दर आठवड्याला पाल हलवले, म्हणजे ज्याने अतिक्रमण केलेच नाही, त्याच्याकडे काहीच नाही. कायदा पाळणाऱ्याचे नुकसान व्हावे अशी ही रचना कुणी मुद्दाम केलेली नाही, पण झाली आहे खरी.

मुक्त वसाहत योजनेने हा जागेचा पेच ओळखला होता, हे तिच्या बाजूने नोंदवायला हवे. वीस कुटुंबांसाठी एक हेक्टर, प्रत्येकाला पाच गुंठे आणि त्यावर २६९ चौरस फुटांचे घर, शिवाय रस्ता, पाणी, वीज, समाजमंदिर अशी तिची कल्पना. पाच गुंठ्यांत परसात काही पिकवावे, जनावर बांधावे, असाही विचार त्यात होता. चांगली कल्पना. अडते कुठे, तर सलग एक हेक्टर सरकारी जमीन आणि ती द्यायला राजी असलेले गाव, या दोन गोष्टी एकत्र सापडत नाहीत. ‘आमच्या गावात ही वस्ती नको’ असे ठराव गावे करतात. हे उघड बोलले जात नाही. पाणी पुरणार नाही, शाळेला मैदान हवे, अशी कारणे पुढे येतात. या संशयाचे मूळ जुने आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने काही जमातींना जन्मतःच चोर ठरवले आणि तो शिक्का १९५२ मध्ये कागदावरून पुसला गेला. गावांच्या मनावरून तो अजून पुसायचा आहे, आणि ते काम घरकुलाच्या अनुदानात बसत नाही.

अमेरिकेत या विषयाला निराळे रूप आहे. तिथे ‘मोबाइल होम’ म्हणजे कारखान्यात तयार करून चाकांवर आणलेले घर. लाखो गरीब आणि निम्नमध्यमवर्गीय कुटुंबे त्यांत राहतात. १५ जून १९७६ पासून अशा घरांसाठी देशभर एकच बांधकाम-मानक लागू झाले. त्याआधीची घरे आगीला, वादळाला आणि थंडीला कच्ची मानली जातात. त्यांची डागडुजी परवडत नाही, म्हणून जुने घर उचलून न्यायला आणि नवे बसवायला पैसे देणारे कार्यक्रम तिथे आहेत. अलीकडे संघराज्य सरकारने अशा वस्त्यांसाठी २२ कोटी ५० लाख डॉलरचा खास निधी काढला. पण आपल्याला घेण्यासारखी गोष्ट त्या निधीत नाही, त्याआधीच्या अनुभवात आहे. तिथले बरेच लोक घराचे मालक असतात, पण घर ज्या जमिनीवर उभे ते मैदान दुसऱ्याचे असते. मालकाने भाडे वाढवले किंवा मैदान विकले की चाके असूनही घर हलत नाही, कारण हलवायचा खर्च घराच्या किमतीला भिडतो. म्हणून १९८४ मध्ये न्यू हॅम्पशायर राज्यातल्या मेरेडिथ गावी रहिवाशांनी सहकारी संस्था करून आपल्या पायाखालची जमीन विकत घेतली आणि पुढे ती वाट अनेकांनी धरली. सहकाराचे धडे आपण इतरांना देत आलो आहोत. हा एक धडा उलट दिशेने घेण्यात कमीपणा नाही. घर नवे आणि जमीन परकी असेल तर प्रश्न फक्त पुढे ढकलला जातो, एवढे त्यातून कळते.

ब्रिटनचे उदाहरण आपल्याला याहून जवळचे. तिथे जिप्सी आणि इतर फिरत्या कुटुंबांसाठी १९६८ च्या कायद्याने स्थानिक संस्थांवर तळ उपलब्ध करून देण्याचे बंधन घातले. गाडी उभी करायला अधिकृत जागा, पाणी, संडास. फिरणाऱ्याने फिरणे सोडावे अशी अट नव्हती. १९९४ मध्ये ते बंधन काढून टाकण्यात आले आणि रस्त्याकडेचे वाद पुन्हा वाढले. कायदा अपुरा होता, कित्येक संस्थांनी तो टाळला, तरी त्यात एक गोष्ट सरळ मान्य केली होती: जो फिरतो त्याला थांबायला हक्काची जागा लागते.

ही गोष्ट आपल्या सरकारला ठाऊक नाही असे नाही. ‘विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर’ ही म्हण आपल्याकडे सर्वांत हौसेने कोण वापरतो, तर बदलीच्या नोकरीतला माणूस. त्याला नव्या गावी सरकारी क्वार्टर मिळते, नाही मिळाले तर घरभाडे भत्ता मिळतो. साहेब दौऱ्यावर आले तर तालुक्याला विश्रामगृह असते. इंग्रजांच्या काळापासून ही व्यवस्था आहे. कामासाठी फिरणाऱ्याला कामाच्या ठिकाणी निवारा देणे हे राज्याने केव्हाच मान्य केले आहे, आणि क्वार्टर मिळाले म्हणून गावच्या घरावरचा त्याचा हक्क जात नाही, हेही. हे तत्त्व उसाच्या फडापर्यंत पोहोचत नाही, एवढेच.

शेजारच्या आंबेगाव तालुक्याला तात्पुरते घर म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको. ज्या गावावरून तालुक्याला नाव मिळाले ते आंबेगाव डिंभे धरणाच्या पाण्यात गेले. ३० जुलै २०१४ च्या सकाळी त्याच तालुक्यातले माळीण गाव डोंगराखाली गाडले गेले, १५१ माणसे गेली. वाचलेल्यांनी पत्र्याच्या शेडमध्ये दिवस काढले आणि २ एप्रिल २०१७ रोजी आमडे येथे नव्या गावाचे लोकार्पण झाले. त्याच वर्षीच्या पहिल्या मोठ्या पावसात भराव खचला, रस्त्यांना भेगा पडल्या, ते पुन्हा दुरुस्त करावे लागले. तरीही पावणेतीन वर्षांत एक गाव उभे राहिले. रायगडमध्ये इर्शाळवाडीची दरड जुलै २०२३ मध्ये कोसळली तेव्हा वाचलेल्या ठाकर कुटुंबांना चौक गावाजवळ कंटेनरच्या घरांत ठेवले आणि पुढे सिडकोने त्यांच्यासाठी घरे बांधली. उचलून आणता येणारे, दार-खिडकी असलेले, विजेचा दिवा लागणारे तात्पुरते घर आपल्या यंत्रणेला काही आठवड्यांत उभे करता येते, हे यातून दिसले. मात्र त्यासाठी दरड कोसळावी लागली. कोपीचे हाल एका रात्रीत होत नाहीत, वर्षानुवर्षे होतात, म्हणून त्यांना आपत्ती म्हणत नाहीत.

जुन्नर-आंबेगावात हा विषय निव्वळ सोयीचाही राहिलेला नाही. धरणे झाली, कालवे आले, ऊस वाढला आणि उसात बिबट्या राहू लागला. जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर या चार तालुक्यांतली २३३ गावे २०२४ मध्ये बिबट्याच्या हल्ल्यांसाठी आपत्तीप्रवण म्हणून जाहीर झाली. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेड-जांबूत परिसरात तीन आठवड्यांत तिघांचा जीव गेला आणि लोक महामार्गावर उतरले. गेलेले तिघे गावातले, शेतकऱ्यांच्या घरचे होते. ज्यांच्या घराला दारच नाही अशा मेंढपाळांची आणि ऊसतोड मजुरांची गोष्ट मग काय वेगळी सांगायची? तोड पहाटे, अंधारात सुरू होते. आईबाप फडात, लहान लेकरू कोपीत किंवा उसाच्या कडेला चादरीवर. ऊस तुटत जातो तसा बिबट्याचा आडोसाही कमी होत जातो आणि दोघे एकमेकांच्या जवळ येतात.

या भागातल्या वनखात्याने मेंढपाळांना तंबू आणि सौरदिवे वाटले, हे आम्हाला फार महत्त्वाचे वाटते. त्या वाटपाचे फोटो आले, बातमी झाली आणि विषय संपला. खरे तर फिरत्या माणसाचे जुने, निकामी फिरते घर बदलून त्याला नवे फिरते घर देण्याचा तो सरकारी कार्यक्रम होता. तो ग्रामविकास खात्याने केला नाही, समाजकल्याणने नाही, साखर आयुक्तालयाने नाही. वनखात्याने केला, कारण बिबट्याच्या हल्ल्यात माणूस गेला तर २५ लाखांची भरपाई त्याच खात्याला द्यावी लागते. प्रत्येक खाते आपल्या दारात आलेला तुकडा उचलते. पुढचे प्रश्न कुणीच विचारत नाही. त्या तंबूचे कापड किती वर्षे टिकणार? फाटल्यावर दुसरा कोण देणार? मेंढपाळ अहिल्यानगर जिल्ह्यात गेला तर तिथला वनविभाग त्याला ओळखणार का?

ऊसतोड मजुराच्या बाबतीत तर जबाबदारी कुणाची, हेच धूसर ठेवलेले आहे. १९७९ च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्याने कंत्राटदारावर कामगारांना योग्य निवास देण्याचे बंधन घातले होते. पण तो कायदा राज्याची हद्द ओलांडणाऱ्यांसाठी होता. बीडहून जुन्नरला आलेला मजूर कितीही किलोमीटर आला तरी राज्यातच आहे. चहामळ्याच्या मजुराला १९५१ च्या मळे कामगार कायद्याने घराचा हक्क दिला. उसाच्या फडाला तसे काही नाही. कारखाना म्हणतो, हे आमचे कामगार नव्हेत, आमचा करार वाहतूकदाराशी. वाहतूकदार मुकादमाकडे बोट दाखवतो. मुकादम स्वतःच पुष्कळदा शेजारच्या कोपीत असतो. काही कारखाने हंगामाच्या सुरुवातीला बांबू आणि चटया देतात. ती परंपरा, हक्क नव्हे.

पैसा नाही, असे मात्र आता म्हणता येत नाही. लोकनेते गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी गाळलेल्या प्रत्येक टनामागे कारखान्यांनी दहा रुपये द्यायचे आणि राज्याने तेवढीच भर घालायची असे ठरले आहे. दहा लाख टन गाळणाऱ्या एका कारखान्यामागे हिशेब दोन कोटींचा होतो. याच मार्गाने मजुरांच्या मुलांसाठी संत भगवानबाबा वसतिगृहांची योजना आली: ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहे. मुलांनी गावी राहून शिकावे, आईबापांनी निश्चिंत मनाने तोडीला जावे, हा तिचा विचार योग्य आहे. पण शाळेच्या वयाआधीचे मूल आईबरोबरच येणार. ते कोपीतच रांगणार.

आमची सूचना यातूनच निघते. भटक्याला किंवा हंगामी मजुराला ‘घर की तंबू’ असा एकच पर्याय निवडायला लावू नये. मुळाशी एक पक्के घर आणि वाटेवर एक धड निवारा, दोन्ही त्याची गरज आहे आणि एक मिळाल्याने दुसऱ्याचा हक्क जाऊ नये. सरकारी नोकराचा जात नाही, तसाच. मुक्त वसाहतीतली सहा महिन्यांची अट काढून तिच्या जागी कुटुंबातले कुणी वृद्ध किंवा शिकणारे मूल तिथे राहते का, एवढे पाहावे. भटक्यांच्या घरात म्हातारी माणसे आणि शाळकरी मुले हीच आधी स्थिर होतात. धनगर मेंढपाळांना जून ते सप्टेंबर चार महिन्यांसाठी महिना सहा हजार रुपये चराई अनुदान देण्याची योजना राज्याने केली तेव्हा माणूस वर्षाच्या कोणत्या ऋतूत कुठे आणि कोणत्या अडचणीत असतो, याचा विचार झालाच होता. तोच घराबाबत व्हावा.

वाटेवरच्या निवाऱ्यासाठी आम्हाला दोन गोष्टींची जोड महत्त्वाची वाटते. निवारा म्हणजे घडी होणारा, जमिनीपासून वीतभर उंच, दार लागणारा आणि आगीला दाद न देणाऱ्या कापडाचा सांगाडा. त्याचे मानक राज्याने एकदा ठरवावे आणि ठरावीक वर्षांनी तो जुना परत घेऊन नवा द्यावा, जसा गॅसचा सिलिंडर किंवा अंगणवाडीचा वजनकाटा बदलून मिळतो. पण नुसता तंबू दिला आणि तो पुन्हा उसाच्या सरीतच ठोकला तर फारसे साधले नाही. त्याला तळ हवा. कारखान्याच्या गाळप क्षेत्रातल्या ग्रामपंचायतीने हंगामापुरती जागा राखावी: पाण्याची टाकी, दोन-चार संडास, रात्रभर जळणारा दिवा, भोवती सौरकुंपण, आणि मागे राहणाऱ्या लेकरांसाठी एक बाई. त्याचा खर्च टनामागच्या त्या दहा रुपयांतून व्हावा. मेंढपाळांचे कळप मोठ्या तळावर राहू शकत नाहीत, त्यांना रान लागते. त्यांच्यासाठी तंबू आणि दिवा हाच मार्ग, फक्त तो वनखात्याच्या मर्जीवर न राहता ओळखपत्रावर कुठल्याही जिल्ह्यात मिळाला पाहिजे.

यावर दोन आक्षेप येतील आणि दोन्ही विचार करण्याजोगे आहेत. पहिला असा की चांगला तंबू दिला तर पक्क्या घराचे कर्तव्य सरकार सोयीने विसरेल. अधिकारी म्हणेल, निवारा दिला ना. ही भीती खरी आहे. म्हणूनच निवाऱ्याची नोंद घरकुलाच्या यादीत ‘लाभ घेतला’ अशी होऊ नये, हे शासन निर्णयात स्पष्ट शब्दांत लिहावे लागेल. दुसरा आक्षेप ऊसतोडणी यंत्रांचा. यंत्रे वाढतील, टोळ्या येणे थांबेल, मग तळांवर खर्च कशाला? यंत्र येते आहे खरे. पण लहान तुकड्यांच्या, बांधांनी अडवलेल्या या शेतांत ते सगळीकडे फिरायला वेळ लागेल, आणि तोवरचे प्रत्येक वर्ष कुणाच्यातरी मुलाचे पहिले वर्ष आहे. रिकाम्या तळाचा उपयोग जत्रेला, टोमॅटोच्या हंगामातल्या मजुरांना किंवा तमाशाच्या फडाला होईल. तमाशा कलावंतांच्या मानधनाची चर्चा होते, पुरस्कार दिले जातात; फडातल्या बायका रात्रीच्या खेळानंतर कपडे बदलून झोपतात कुठे, हा प्रश्न मात्र कुणी सभागृहात विचारल्याचे आठवत नाही.

यातले बरेच मुंबईत ठरायचे आहे. तळाची जागा मात्र गावातच ठरते. गळीत हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरात पेटतो. त्याआधीची हक्काची ग्रामसभा १५ ऑगस्टची. वारूळवाडी, नारायणगाव आणि भोवतालच्या ग्रामपंचायतींनी त्या सभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय घेतला, तर जागा पाहून, पाण्याची सोय लावून, कारखान्याशी पत्रव्यवहार करून अडीच महिने हातात राहतात. २ ऑक्टोबरच्या सभेपर्यंत थांबले तर उशीर होतो. त्यानंतर सोय होईतो ट्रॉल्या आलेल्या असतात, आणि ज्याच्या रानातले पीक नुकतेच निघाले आहे त्याच्या बांधाला बांबू रोवायला सुरुवात झालेली असते.